सारा सिमिओनी कोण? पुतणीला सांगायचंय

खानापूरवाला: माझी पुतणी नववीत आहे, हायजम्प मारते, पण उंच आहे म्हणून पोरी चिडवतात आणि ती सोडतो म्हणायलीय. मास्तर म्हणाले इटलीच्या सारा सिमिओनीचं सांगा तिला. काय केलंय हिनं?

निपाणीकर: लई मोठी जम्पर की ती. व्हेरोनाजवळची, जन्म 1953 चा. 1976 ला माँट्रियल ऑलिम्पिकला सिल्व्हर, 1980 ला मॉस्कोत 1.97 मीटर मारून गोल्ड. पण खरी मजा 1978 ची, ऑगस्टात ब्रेशियाला 2.01 चा वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि त्याच महिन्यात प्रागच्या युरोपियन स्पर्धेत परत तेवढंच मारून पूर्व जर्मनीच्या अ‍ॅकरमानला हरवलं, जी 2 मीटर पार करणारी पहिली बाई होती बघा. आणि पुतणीला हे नक्की सांगा, साराला लहानपणी बॅले करायचं होतं पण उंची जास्त झाली म्हणून जमलं नाही!!

टिळकवाडी: माझं मत वेगळं, मला 1984 चं लॉस एंजेलिस जास्त भारी वाटतं. वय 31, मधली वर्षं दुखापतीत गेलेली, तरी 2 मीटर मारली, पश्चिम जर्मनीच्या मायफार्थनं 2.02 मारली म्हणून सिल्व्हर. तिचा इटलीचा रेकॉर्ड 2007 ला तिथल्याच दि मार्तिनो नावाच्या जम्परनं मोडला, म्हणजे 29 वर्षं टिकला. आणि गादी चांगली आहे काय तिथं? वाळूत पाठीवर पडू देऊ नका हो.

खानापूरवाला: गादी हाय, फाटकी. संध्याकाळी व्हिडिओ दाखवतो तिला.