अंड्यात पूर्ण वाढलेली पिल्ले बाहेर न येताच मेली: घरगुती इन्क्युबेटरमध्ये काय चुकले असावे?

खाडीकाठ (प्रश्न)
नमस्कार. मी चिपळूणजवळच्या एका खेड्यात राहतो. थर्मोकोलच्या खोक्यात ४० वॅटचे दोन बल्ब, एक थर्मोस्टॅट आणि जुन्या संगणकातला लहान पंखा बसवून मी इन्क्युबेटर तयार केला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यात २४ गावरान अंडी ठेवली. थर्मोस्टॅट ३७.५ अंशांवर लावला होता. अंड्यांवर पेन्सिलीने एका बाजूला फुली व दुसऱ्या बाजूला गोल काढून ती दिवसातून तीन वेळा फिरवली आणि अठराव्या दिवशी फिरवणे थांबवले. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पाण्याचे भांडे पहिल्या दिवसापासून भरलेले ठेवले होते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास दिसत असे.

सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा ४ अंडी कोरी निघाली. उरलेल्या २० पैकी बाविसाव्या व तेविसाव्या दिवशी मिळून फक्त ६ पिल्ले बाहेर आली आणि त्यांचेही अंग चिकट होते. राहिलेल्यांपैकी ५ अंडी फोडून पाहिली, तर आत पिसांसह पूर्ण वाढलेले, पण मेलेले पिल्लू आणि बरेच पाणी होते. शेजारच्या काकूंची खुडूक कोंबडी मात्र ११ अंड्यांतली १० पिल्ले घेऊन आमच्याच अंगणात फिरते आहे. माझे नेमके काय चुकले?

माळरान
आपल्या वर्णनावरून पहिला संशय पाण्याच्या भांड्यावर जातो. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. उबवणीच्या काळात कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातले पाणी हळूहळू उडून जाते, तसतशी ही पोकळी मोठी होते. पिल्लू आपला पहिला श्वास याच पोकळीत चोच खुपसून घेते आणि त्यानंतर कवचाला टोच मारते. खोक्यातली हवा फार दमट असेल तर पाणी पुरेसे उडत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू अक्षरशः पाण्यात गुदमरते. पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ती ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत फक्त शेवटच्या तीन दिवसांत न्यायची असते.

व्हिडिओतला सल्ला कोरड्या हवेतल्या माणसाचा असावा. जुलैमध्ये आपल्याकडची २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा खोक्यात जाऊन ३७.५ अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता आपोआप ४७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे एक थेंबही पाणी न घालता ती हवी तेवढी असते. याउलट थंडीत, बाहेर १० अंश असताना, तेच खोके पाण्याशिवाय पार कोरडे पडेल.

आर्द्रतामापकावर विसंबू नये. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सगळी अंडी एकत्र तोलावीत. अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनात ११ ते १३ टक्के घट झाली पाहिजे.

डालगे
वरील उत्तर पटते, पण ते अपुरे आहे. अंडी मांडण्याचा दिवस शून्य धरला असेल तर पिल्ले एकविसाव्या दिवशी यायला हवी होती. दोन दिवसांचा उशीर झाला, याचा अर्थ अंड्यांना ऊब कमी मिळाली. थर्मोस्टॅटचा सेन्सर बल्बजवळ लोंबत होता का? तसे असेल तर बल्ब लवकर बंद होत राहतो आणि कोपऱ्यातली अंडी थंड राहतात. ताप मोजायचा थर्मामीटर त्या कोपऱ्यात अंड्यांच्या उंचीवर आडवा ठेवून पाहावा. तो सर्वांत चढलेला आकडा धरून ठेवतो, त्यामुळे तोच आकडा कमी आला तर शंकेला जागा उरत नाही.

आणखी एक गोष्ट. अठराव्या दिवसानंतर झाकण किती वेळा उघडले? टोच मारल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत एक अख्खा दिवस लागू शकतो. त्या काळात झाकण वारंवार उघडले तर आतला पडदा सुकून पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो. बाहेर आलेल्या पिल्लांना बलकाचा साठा पुरतो, तेव्हा ती सुकेपर्यंत आतच राहू द्यावीत.

खाडीकाठ
दोघांचेही आभार. थर्मामीटरने लांबच्या कोपऱ्यात ३६.४ दाखवले, आणि सेन्सर खरोखरच बल्बपासून चार बोटांवर होता. तो आता अंड्यांच्या मधोमध बांधला आहे. नवीन २० अंडी मांडली तेव्हा ती ८८४ ग्रॅम भरली. आज सातव्या दिवशी ८४३ ग्रॅम आहेत. भांडे कोरडे आहे. बॅटरी लावून पाहिले तर ३ अंडी कोरी दिसतात, बाकीच्यांत शिरांचे जाळे स्पष्ट आहे.

माळरान
घट अगदी योग्य आहे, भांडे अठराव्या दिवसापर्यंत कोरडेच ठेवा. कोरी अंडी आजच काढा आणि उरलेल्या १७ अंड्यांचे वजन पुन्हा नोंदवा, नाहीतर पुढचा हिशेब चुकेल.