विमानाचे तास: अंतर किती आणि पोचायला किती?

होटगीरोडकर
आज कपडे वाळत घालताना डोक्यावरून विमान गेलं आणि वडील आठवले. धाकटी न्यूयॉर्कला निघाली तेव्हा त्यांनी माझा शाळेतला पृथ्वीगोल काढला, मागावरचं सूत घेतलं, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर. ताणलं तर सूत अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाईना, वर रशियाकडे सरकलं, आइसलंडवरून ग्रीनलंडच्या टोकाला घासून खाली उतरलं. "एवढ्या थंडीतनं कशाला नेतात पोरीला?" नकाशा सपाट, पृथ्वी गोल, जवळची वाट तीच. साडेबारा हजार किमी, थेट विमानानं पंधरा-सोळा तास. तुमचे अनुभव लिहा.

कडकभाकरी
आमचा लेक सॅन फ्रान्सिस्कोला. 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून तिकडं जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर 13,900 चं 15,300 किमी झालं आणि वेळ उलट कमी! वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला, म्हणजे पाठीमागून ढकलणारे. आमचे हे म्हणतात, लांबच्या वाटेनं लवकर पोचणं आपल्याला सोलापूरच्या नवी पेठेतच माहीत होतं 😄 थांबा, कुकर झाला

सातरस्ता
ते सगळं ठीक आहे बे, खरा प्रवास सोलापूर ते मुंबई. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर, पहाटे दादर, मग दिवसभर कुणाच्या तरी घरी बॅगा घेऊन बसायचं, कारण विमान मध्यरात्रीनंतर. आता वंदे भारत आहे, तरी साडेसहा तास. तेवढ्यात मुंबईकर दुबईला जाऊन परत येतो.

हुरडावेडी
म्हणून तर सोलापूरच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली ना 2023 ला. सासरे सभासद, त्या दिवशी जेवले नाहीत.

सातरस्ता
काकू, चिमणी नको. परत भांडणं लागतील.

हुरडावेडी
बरं बाई गप्प बसते

माघारपण
लंडनला जाताना नऊ-साडेनऊ तास, येताना तासभर कमी, वाऱ्यामुळेच. सुनेच्या बाळंतपणाला गेले होते. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा, पाय चांगले असले तरी. मधल्या थांब्यावर माणूस थेट पुढच्या गेटवर नेऊन बसवतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, काचेच्या त्या जिन्यापाशी रडायला आलं होतं.

अक्कलकोटनाका
आई गेली तेव्हा मी टोरांटोत. तिकीट लगेच मिळालं, पण तासांचं काय करणार. भावानं फोन धरला होता, त्यावरच पाहिलं.

होटगीरोडकर
🙏 काय बोलू दादा.

माघारपण
🙏🙏

कडकभाकरी
आले परत. अक्कलकोटनाका, वाचून गलबलून आलं हो.
ताई, शेंगाचटणी नेता का कुणी? हातातल्या बॅगेत की मोठ्या?

माघारपण
मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. नाहीतर सगळे कपडे लसणाचे.

सातरस्ता
तिकडं मिळते म्हणे आता

हुरडावेडी
मिळते, पण उखळातली नसते