ड्रम्सवर डबल बेस (दोन्ही पायांनी बेस ड्रम म्हणजे किक वाजवणं) १५० बीपीएमच्या (मिनिटाला बीट) पुढे जातच नाहीये, डावा पाय मागे पडतो. पेडल बदलू का?

डोंबिवली_ड्रम्स:
मंडळी, मेटल बँडमध्ये वाजवतो, सिंगल पेडलवरून डबलवर येऊन बरेच महिने झाले. १३० पर्यंत सिक्स्टीन्थ (एका बीटला चार ठोके) एकदम सॉलिड, १४० ला दम लागतो आणि १५० ला डावा पाय मागे पडायला लागतो, मग दोन्ही पाय मिळून टांग्याच्या घोड्यासारखं टपाक-टपाक सुरू. नडगीत असा गोळा येतो की गाणं संपेपर्यंत दात-ओठ खात वाजवायचं. स्प्रिंग फुल टाइट करून बघितली, पहिल्या गाण्याला बरं वाटलं, दुसऱ्याला पाय मेले. आमचा गिटारिस्ट म्हणतो लाँगबोर्ड डायरेक्ट ड्राइव्ह (लांब पट्टीचं, चेनऐवजी थेट दांड्याने चालणारं पेडल) घेऊन टाक, सगळं सुटेल, त्याच्या बापाचं काय जातंय, खिसा माझा रिकामा होणार. त्यात घर चौथ्या मजल्यावर, खालच्या काकू आवाजाच्या बाबतीत फार कडक, आणि जॅम रूम आठवड्यातून एकदाच परवडते. काय करू?

चेंबूर_हीलअप:
पेडल बदलू नको भावा. तू अडकलायस तिथेच बहुतेक सगळे अडकतात. साधारण १४० ते १७० च्या मधे पायाचा हलणारा भागच बदलावा लागतो. कमी स्पीडला आपण मांडीपासून अख्खा पाय उचलून मारतो, दणका मस्त बसतो म्हणून तीच सवय लागते. आता हिशोब कर, १५० ला सिक्स्टीन्थ म्हणजे सेकंदाला १० ठोके, एकेका पायाला ५, आणि १८० ला एकेका पायाला ६. एवढं मांडीचं धूड सेकंदाला सहा वेळा कोण उचलणार, पाय आखडणारच ना. तिथे घोट्याचं काम. टाच थोडी वर, गुडघा जवळपास स्थिर, मांडी नुसती विसावलेली आणि चवडा घोट्यातून खाली-वर. नाईल या डेथ मेटल बँडचा ड्रमर जॉर्ज कोलियास, त्याच्या पायांचे क्लोज-अप बघ, त्यात गुडघ्यांवर लक्ष ठेव.

गोची अशी की घोट्याने १०० ला वाजवायला मांडीपेक्षा जास्त त्रास होतो, पोटरी बोंबलते, म्हणून लोक स्लोमध्ये घोटा वापरतच नाहीत आणि मग १५० ला त्याच्याकडून एकदम काम मागतात. तू आधी हील-डाऊन कर, टाच पेडलवर पक्की टेकवून, ७०-८० ला. मांडी वापरताच येत नाही. चवडा वर ओढायचं काम नडगीच्या स्नायूचं असतं, तो कच्चा म्हणून गोळा येतोय. ते जमलं की टाच उचलून तीच हालचाल, आणि मग १६० ला बर्स्ट, म्हणजे एका बीटचे चार ठोके मारायचे आणि तीन बीट पाय सैल सोडायचे. स्वच्छ आलं तर दोन बीट. आखडलेल्या पायाने रेटत बसलास तर आखडायचीच प्रॅक्टिस होते.

सीट एवढी उंच घे की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील, जरा मागे सरकून बस, स्प्रिंग मधेच कुठेतरी ठेव. स्विव्हल (टाच डावी-उजवीकडे फिरवत मारणं) वगैरे २०० च्या आसपासची भानगड, आत्ता नादाला लागू नको. आणि गोळा वेगळा, दुखणं वेगळं. प्रॅक्टिस नसतानाही नडगी दुखत असेल तर गप फिजिओला दाखव.

गिरगाव_ताशा:
वरचं सगळं मान्य, पण १३० सॉलिड आहे हेच मला पटत नाहीये. हात बाजूला ठेव, नुसते पाय वाजव, मोबाईल किकजवळ ठेवून रेकॉर्ड कर आणि कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये वेव्हफॉर्म मोठा करून बघ. उजवा-डावा आणि डावा-उजवा यातली गॅप सारखी दिसली तर मी शब्द मागे घेतो. तबल्याच्या क्लासला जे करून घेतात तेच पायाने कर, क्लिक (मेट्रोनोम) ७५ वर, आधी बरोबरीत, मग दुगुन, तिगुन, चौगुन आणि परत तसंच खाली, क्लिकला हात लावायचा नाही. चढताना सगळेच भारी असतात, उतरताना पितळ उघडं पडतं. आणि सुरुवात डाव्याने करायची! सगळे उजव्याने चालू करतात म्हणून डावा जन्मभर मागून येणारा.

ठाणे_किक:
डाव्याला शिव्या घालायच्या आधी पेडल तपासा की जरा. डबल पेडलमध्ये डाव्या पायाचा जोर दांड्यातून आणि दोन जॉइंटमधून फिरून बीटरपर्यंत (ड्रमवर आपटणारा हातोडा) जातो, त्यामुळे ती बाजू मुळातच जड लागते. दोन्ही बीटर एकेक करून मागे ओढून सोड आणि किती वेळ डुलतात बघ. डावा लगेच थांबला तर जॉइंट जाम आहेत, मुंबईच्या पावसाळ्यात आतून गंजतातच. शिलाई मशीनचं तेल एक-एक थेंब, कपड्याने पुसून घे, आणि दांडा होईल तेवढा सरळ राहील असं डावं पेडल ठेव, फार तिरकं नको.

काकूंसाठी: किकला रबर पॅड लावलंस तरी धप्प स्लॅबमधूनच जातं. मी प्लायवूडच्या दोन शीटमध्ये टेनिस बॉल बसवून त्यावर पेडल आणि सीट दोन्ही ठेवते. आवाज पूर्ण जात नाही पण वरून कोणी मिक्सर लावलाय एवढ्यावर येतं. मैदानातल्या पोरांकडून केस गेलेले जुने बॉल घे, फुकट मिळतात.

डोंबिवली_ड्रम्स:
@ठाणे_किक ताई, डावा बीटर दोनदा हलला आणि गप्प, उजवा डुलतच होता. जॉइंट पुसला तर कपडा काळा-तांबडा 😅 तेलानंतर हलका झालाय पण १५० अजून लांबच. @गिरगाव_ताशा दादा, वेव्हफॉर्म बघितला, शब्द मागे घ्यायची गरज नाही. हील-डाऊन सुरू केलंय, ८० ला पण नडगी पेटते.

प्लायवूड किती जाड घेऊ?

ठाणे_किक:
१८ एमएम. १२ वाकतं. खालच्या शीटला बॉलच्या साइजपेक्षा लहान भोकं पाड म्हणजे बॉल बसून राहतात, आणि सीटच्या खाली बॉल जास्त लाव, सगळं वजन तिथेच येतं.