डोंगरउतारावरची जागा: सौद्याआधी पाणी कसं तपासावं?

प्रश्न: वरच्या अंगाला झरा आहे, विकणारा ‘बारमाही’ म्हणतो. घर बांधायचंय. नेमकं काय बघू?

उत्तर १: कोरड्या हंगामाच्या अखेरीस मोजा, बाकी सगळं ऐकीव. झऱ्याच्या तोंडाशी मातीचा बांध घाला, पाइप काढा, खाली १० लिटरची बादली धरा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. अगदी १० मिनिटं लागली तरी दिवसाला १,४४० लिटर; टाकी तेवढी मोठी हवी. बांध चिखलाने नीट लिंपा, नाहीतर पाणी बाजूने झिरपतं आणि माप कमी येतं.

उत्तर २: झरा उगवतो कुणाच्या हद्दीत? शेजाऱ्याच्या असेल तर पाणी घ्यायचा आणि पाइप न्यायचा हक्क नोंदणीकृत दस्तात लिहून घ्या. तोंडी कबुली मालक बदलला की संपली.

उत्तर ३: जागेत बोअर असेल तर अर्ध्या तासाच्या चाचणीला भुलू नका. ६ इंची बोअरमध्ये दर मीटरला १८ लिटर पाणी नुसतं साठलेलं असतं, तेच उपसून दाखवतात. सलग काही तास पंप चालवा, पातळी कुठे स्थिरावते ते दोरी सोडून बघा. नवी बोअर घेणार असाल तर शेजाऱ्याच्या पाण्यावरून अंदाज बांधू नका. कठीण खडकात पाणी फटींपुरतंच असतं.

उत्तर ४: झऱ्याच्या वर गोठा, शोषखड्डा आहे का तेही पाहा. नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत द्या. जोरदार पावसानंतर पाणी गढूळलं, तर वरचं वाहतं पाणी थेट मिसळतंय.