मदत हवी आहे: मिंटवर वायफाय डोंगल चालत नाही (अर्जंट)

सतारवाला (शनिवार, संध्याकाळी ७:४२)

नमस्कार मंडळी. मिरजेला बाबांकडे आलोय. त्यांच्या जुन्या पीसीवर विंडोज १० होतं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचा सपोर्ट संपला आणि ११ ला हे मशीन चालणार नाही म्हणतात, म्हणून काल विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. बाकी सगळं झकास, फक्त वायफाय नाही. यूएसबीचा छोटा डोंगल आहे, विंडोजवर बिनबोभाट चालायचा. इथे नेटवर्कांची यादीच येत नाही. तीनदा रीस्टार्ट केलं, सगळ्या पोर्टांत लावून झालं.

उद्या सकाळच्या कोयनेने मी पुण्याला परत निघणार, त्याआधी व्हायला हवंय. कृपया 'गूगल करा' सांगू नये. केलंय.

खटपट्या (७:५०)

कुठला डोंगल?

सतारवाला (७:५३)

काळा, नखाएवढा.

खटपट्या (७:५४)

_/\_

अहो, आतली चिप कुठली? कंपनीचं नाव नकोय, चिपचं हवंय.

सतारवाला (७:५८)

खोक्यावर फक्त '६०० एमबीपीएस' आणि 'प्लग अँड प्ले' लिहिलंय. चिपचं काही नाही.

रिकामटेकडा (८:०५)

सरळ लॅनची केबल ओढा. वायफायपेक्षा भारी. मी २०११ पासून केबलवरच आहे, एकदाही तक्रार नाही.

सतारवाला (८:०७)

राउटर खाली काकांकडे, पीसी वर माडीवर. मधल्या जिन्याचा दोन्ही घरांत वाद आहे. केबल विसरा.

बोस्टनकर (८:१२)

लिनक्ससाठी डोंगल घ्यायचा तर अथेरॉस ९२७१ चिपचाच घ्यावा. चिपच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) सुद्धा मुक्त आहे, लावला की चालू. मी ग्रॅज्युएट स्कूलमध्ये असताना घेतलेला अजून चालतोय. पण सांभाळून, एका नावाजलेल्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत ही चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेक कंपनीची चिप आली. बाहेरून नाव तेच.

सतारवाला (८:१४)

शनिवारी रात्री सव्वाआठला मिरजेत अथेरॉस ९२७१ कुठे मिळेल तेही सांगा.

नीरजा_ठाणे (८:२०)

सतारवाला, नवं काही घ्यायला लागणार नाही बहुतेक. टर्मिनल उघडा, एलएसयूएसबी टाइप करा (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड; रोमन छोट्या लिपीत, मी इथे ऐकू येतं तसं लिहितेय) आणि आलेल्या सगळ्या ओळी इथे द्या. मिंटची आवृत्ती कुठली तेही सांगा.

सतारवाला (८:२९)

टाइप केलं. उत्तर आलं, 'तेहेव: कमांड नॉट फाउंड'. हे तेहेव काय प्रकरण आहे? मी तर बरोबर टाइप केलं होतं.

जुनं_खोड (८:३२)

हाहाहा. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर, म्हणजे सरकारी देवनागरी मांडणीवर आहे तुमचा! एल म्हणजे त, एस म्हणजे एची मात्रा, यू म्हणजे ह, बी म्हणजे व. एलएसयूएसबी बडवलं की 'तेहेव' उमटणारच. खाली 'मरा' दिसत असेल, तिथे क्लिक करून इंग्रजी करा.

दिवसभराचा शीण गेला, धन्यवाद.

सतारवाला (८:३५)

हो, बाबांसाठी मीच लावला होता. ते कचेरीत इनस्क्रिप्टवर शिकले, दुसरं त्यांना चालत नाही. बदलतो.

अक्षरशत्रू (८:३८)

इनस्क्रिप्ट अजून वापरतात लोक? उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं दाबायचं फोनेटिक असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

जुनं_खोड (८:४४)

द्राविडी प्राणायाम फोनेटिकचा. 'क्ष' लिहायला किती कळा दाबता ते मोजा एकदा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि भारतीय लिपींसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकापासून मांडणी तीच आहे. एकदा हात बसला की तेलुगूसुद्धा त्याच कळांवर टाइप करता येतं.

अक्षरशत्रू (८:४६)

मला तेलुगू टाइप करायचं नाहीये.

नीरजा_ठाणे (८:४७)

अवांतराला वेगळा धागा काढा ना. त्यांना सकाळी गाडी आहे.

सतारवाला (८:५१)

आलं. पाच-सहा ओळी आहेत. कीबोर्ड, माउस, 'रूट हब' वगैरे. एक वेगळी दिसते: आयडी ०बीडीए:१ए२बी, पुढे रिअलटेक. मिंट २१.२. दोन वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर काढून ठेवलं होतं, तेच टाकलं.

खटपट्या (८:५५)

रिअलटेक! मग गिटहब या साइटवरून ड्रायव्हर (डोंगल चालवणारा प्रोग्रॅम) उतरवा, डीकेएमएस या साधनाने बसवा, दहा मिनिटांचं काम. मी आत्तापर्यंत चार मशीनवर केलंय. आधी बिल्ड-इसेन्शियल आणि हेडर्स ही बांधणीची पॅकेजं लागतील.

सतारवाला (८:५७)

उतरवू कशावर? नेट नाही म्हणून तर धागा काढलाय!!

टोपीवाला_काळी (९:०१)

या डोंगलवर मॉनिटर मोड (हवेतली सगळी वायफाय रहदारी ऐकणं) चालतो का ते बघा. काली या सुरक्षा तपासायच्या लिनक्सवर पॅकेट इंजेक्शनसाठी (हवेत आपली पॅकेटं सोडायला) मी तीन डोंगल तपासले, त्यांचा तक्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू शकतो.

नीरजा_ठाणे (९:०४)

त्यांना बाबांना यूट्यूब लावून द्यायचंय.

सतारवाला, एक सांगा. डोंगल लावल्यावर डेस्कटॉपवर काही नवं येतं का?

सतारवाला (९:०८)

सीडीचं चित्र येतं. त्यात एक सेटअप फाइल आहे, ती उघडत नाही. पण तो वेगळा प्रश्न आहे, आधी वायफायचं बघा. आणि या पीसीला सीडी ड्राइव्ह नाहीच, त्यामुळे ते चित्र का येतं देव जाणे.

नीरजा_ठाणे (९:१५)

तोच तुमचा प्रश्न आहे :) पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर एव्हाना जेवण झालं असतं.

हे डोंगल दोन सोंगं घेतात. लावल्या लावल्या संगणकाला सांगतात, 'मी सीडी आहे'. त्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. विंडोज तो बसवतं, सीडीला 'बाहेर पड' म्हणतं, आणि मग डोंगल खऱ्या रूपात येतो. खोक्यावरचं 'प्लग अँड प्ले' ते हेच. तुमच्याकडे तो अजून सीडीच्याच सोंगात बसलाय, १ए२बी हा त्या सोंगाचा आयडी. सीडी समजून बसलेल्या मशीनला वायफाय दिसणार कुठून?

त्या सीडीवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा. दहा सेकंद थांबा. मग पुन्हा एलएसयूएसबी.

सतारवाला (९:२१)

सीडी गेली! आता तिथे ०बीडीए:सी८११ आहे, पुढे '८०२.११एसी एनआयसी'. वायफाय मात्र अजून नाही.

नीरजा_ठाणे (९:२४)

अर्धं काम झालं. चिप रिअलटेक ८८११सीयू आहे. आता युनेम, मग जागा, मग उणे आर. काय येतं?

सतारवाला (९:२६)

५.१५ ने सुरू होतंय, पुढे आकडे.

नीरजा_ठाणे (९:२९)

अपेक्षित होतं. २१.२ सोबत ५.१५ कर्नल (प्रणालीचा गाभा) येतं. या चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.२ पासून आहे. तुमचं कर्नल त्याआधीचं, म्हणून त्याला डोंगल दिसतोय पण ओळख पटत नाहीये.

मिंट २१ च्या अपडेट मॅनेजरमध्ये ६.८ मिळतं. व्ह्यू, मग लिनक्स कर्नल्स, मग ६.८, इन्स्टॉल. बाकी काही नको.

खटपट्या (९:३३)

कर्नल कशाला बदलायचं? चालू मशीनचं हृदय काढायला सांगताय. माझ्या पद्धतीत ५.१५ वरच चालेल.

नीरजा_ठाणे (९:४१)

चालेल की, पुढच्या कर्नल अपडेटपर्यंत. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधतं, आणि एखाद्या दिवशी बांधणी फसली की वायफाय गायब. तेव्हा माडीवर बाबा एकटे, तुम्ही आणि मी कित्येक कोस लांब. शिवाय सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असेल तर त्या ड्रायव्हरसाठी किल्ली नोंदवायला बूट होताना निळा पडदा येतो, पासवर्ड मागतो. कर्नलसोबत येणारा ड्रायव्हर आधीच सही केलेला असतो, ही भानगडच नाही.

आणि हृदय वगैरे काही काढायचं नाही. जुनं कर्नल तिथेच राहतं. नवं आवडलं नाही तर बूट होताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून ५.१५ निवडायचं.

खटपट्या (९:४६)

माझी चार मशीन दोन वर्षं चालू आहेत, एवढंच सांगतो. आणि कर्नलमधला ड्रायव्हर सुरुवातीला रडत चालायचा, वेग मिळत नव्हता, ते का नाही सांगत?

नीरजा_ठाणे (९:४८)

सुरुवातीला होता तसा, मान्य. म्हणून तर ६.२ न सांगता ६.८ सांगितलं.

बोस्टनकर (९:५०)

या सगळ्यापेक्षा मिंट २२ नव्याने टाका. ६.८ त्यात सुरुवातीपासून आहे.

सतारवाला (९:५२)

कालच बाबांचे फोटो आणि फाइली सगळ्या भरल्यात, परत नाही करणार. आणि अजून कोणी सांगत नाहीये की नेट नसताना ६.८ आणू कसं? काकांकडे पीसी घेऊन जायचा पर्याय नाही, कारण वर दिलंय.

जुनं_खोड (९:५६)

फोन. यूएसबी केबलने पीसीला लावा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या शेजारी 'यूएसबी टेदरिंग' आहे, ते चालू करा. मिंटला तो तारेचं नेट वाटतो, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. मोबाइलचा थोडा डेटा जाईल.

सतारवाला (१०:०४)

केबल लावली. फोन चार्ज होतोय, टेदरिंगचं बटण फिकट आहे, दाबलं जात नाही.

जुनं_खोड (१०:०६)

केबल कुठली? हेडफोन नाहीतर ट्रिमरसोबत आलेली असेल तर तिच्यात नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नाहीत. फोनच्या खोक्यातली हवी.

सतारवाला (१०:१९)

ती पुण्यात. शेजारच्या मुलाकडून आणली. त्याच्या आईने विचारलं इतक्या रात्री केबल कशाला, म्हटलं बाबांची सीडी बाहेर काढायचीय. त्यांनी काय अर्थ घेतला माहीत नाही.

टेदरिंग चालू. नेट आलं! ६.८ उतरतंय.

टोपीवाला_काळी (१०:२५)

६.८ वर मॉनिटर मोडही बहुधा मिळेल. करून बघितलंत तर कळवा.

सतारवाला (१०:५८)

झालं!!! रीस्टार्ट केलं, काकांचं वायफाय दिसतंय. पासवर्ड मात्र बदललेला आहे. (हाच तो जिन्याचा वाद.) काकूंना फोन करून घेतला. बाबांनी कुमार गंधर्व लावलेत, आवाज खालपर्यंत जाईल एवढा.

सगळ्यांचे आभार, नीरजाताईंचे विशेष.

खटपट्या (११:०३)

अभिनंदन. (माझ्या पद्धतीनेही झालं असतं.)

अक्षरशत्रू (११:१०)

त्या ६०० एमबीपीएसच्या नादी लागू नका. २.४ गिगाहर्ट्झचे १५० आणि ५ गिगाहर्ट्झचे ४३३ यांची ती बेरीज आहे, वर गोळाबेरीज. एका वेळी एकच मिळतं, तेही कागदावर. ५ वर जोडा. आणि शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क लावत असाल तर डोंगल तिथून हलवा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात येतो, इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं.

जुनं_खोड (११:१२)

अक्षरशत्रू कामाचं बोलले, तारीख टिपून ठेवा.

सतारवाला (रविवार, सकाळी ६:४०)

गडबड झालीय. सकाळी पीसी चालू केला तर परत सीडी! वायफाय नाही. गाडीला वेळ कमी आहे, लवकर सांगा.

नीरजा_ठाणे (६:५५)

डोंगलची वीज गेली की तो पुन्हा पहिलं सोंग घेतो. नेहमी हे आपोआप बदलायला हवं, तुमच्याकडे का होत नाहीये ते बघावं लागेल. आत्ता इजेक्ट करा, चालू होईल. कायमच्या उपायासाठी यूडेव्हचा (लावलेली उपकरणं सांभाळणाऱ्या भागाचा) एका ओळीचा नियम लागतो, लावल्या लावल्या सीडी बाहेर काढणारा. संध्याकाळी लिहून देते, बाबांकडून फोनवर करून घेऊ.

सतारवाला (गुरुवार, रात्री ९:१५)

उशिरा लिहितोय, क्षमस्व. नीरजाताई, नियम पाठवू नका, गरज पडली नाही. निघताना बाबांना राइट क्लिक आणि इजेक्ट दाखवलं होतं. त्यांनी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय: '१. बटण. २. सीडी बाहेर. ३. वायफाय.' चार दिवस रोज स्वतः करतात. आपोआप करून देतो म्हटलं तर म्हणाले, राहू दे, मला कळतंय ते कशाला झाकतोस.

काल काकांचा नवा लॅपटॉप अडला तेव्हा बाबा खाली जाऊन त्यांना विचारून आले, 'सीडी बाहेर काढलीस का?'

टोपीवाला_काळी (९:३०)

मॉनिटर मोडचं बघितलंत का?