मदत हवी आहे : उद्या ११ वाजता ऑनलाइन रिव्हर्स ऑक्शन आहे, दर किती टाकू?

उद्यमनगरची
उद्या सकाळी ११ला रिव्हर्स ऑक्शन आहे, म्हणजे पुरवठादारांनी एकमेकांपेक्षा दर कमी करत जायचा उलटा लिलाव. मेलमध्ये सुरुवातीचा दर ४६० आणि दर वेळी किमान १ रुपया कमी करायचा, एवढंच लिहिलंय. हा पार्ट आम्ही १५ वर्षं देतोय. बाबा फोनवर बोलून दर ठरवायचे. आता परचेसचे साहेब फोन घेतात आणि "पोर्टलवर बघा" म्हणून ठेवून देतात. किती खाली जाऊ? कुणी केलंय का हे? लवकर सांगा प्लीज.

वितळभट्टी
४६० कशाचे, नगाचे की किलोचे? कास्टिंग (ओतीव भाग) कंपनी देते की तुम्ही विकत घेता? हे सांगितल्याशिवाय दर कोण सांगणार ताई?

शाहूपुरी_३री_गल्ली
उतरूच नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी ईर्षेपायी खाली खाली जात एल-वन (सगळ्यात कमी दरवाले) झालो आणि वर्षभर पदरचे पैसे घालून माल दिला. घड्याळ उलटं पळायला लागलं की माणसाचं डोकं चालत नाही.

शेंडापार्क
जीईएम पोर्टलवर नोंदणी करा. २०१६ पासून सरकारी खरेदी तिथं होते, उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) सर्टिफिकेट असेल तर बयाणा रकमेतून सूट मिळते. मी स्वतः कॉलेजांना फर्निचर देतो, उत्तम चाललंय.

उद्यमनगरची
@शेंडापार्क दादा, हे खासगी कंपनीचं आहे, सरकारी नाही.
@वितळभट्टी नगाचे. कास्टिंग आमचंच, कागलच्या फौंड्रीतून घेतो. कच्चं ५.२ किलो, मशीनिंग झाल्यावर ४.३.

परचेस_माजी
मी पुण्यात १४ वर्षं परचेसमध्ये होतो. आधी हे सांगा : दर तुमच्या दारात की त्यांच्या दारात पोच? पेमेंट किती दिवसांनी? स्क्रीनवर सगळ्यात कमी दर दिसणार की फक्त तुमचा रँक? तिन्ही गोष्टी अटींच्या पीडीएफमध्ये असतात.

उद्यमनगरची
पीडीएफ आत्ता उघडली. चाकणला पोच, ९० दिवस. रँकचं काही सापडलं नाही. आणि हो, खर्चाचा तक्ताही आज रात्रीपर्यंत भरायचाय : धातू, मशीनिंग, रिजेक्शन (बाद माल), भाडं, नफा सगळं वेगवेगळं. हे खरं भरायचं का?

वितळभट्टी
अजिबात नाही! आपल्या घरातला हिशोब त्यांच्या हातात कशाला द्यायचा? नफा दिसला की पुढच्या वर्षी तोच कापतात.

परचेस_माजी
खोटं भरू नका. आता ड्रॉइंग टाकलं की सॉफ्टवेअरच वजन, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) आणि मशीनचा ताशी दर धरून खर्च काढून देतं. तुमचा आकडा फार वेगळा दिसला की पहिला प्रश्न त्यावरच येतो. उलट खरा तक्ता तुमच्या कामाचा आहे. पिग आयर्न (कच्चं लोखंड) महागलं की धातूच्या रकान्यावर बोट ठेवून दरवाढ मागता येते. एकच ठोक दर दिलात तर कशाच्या आधारावर मागाल?

वितळभट्टी
सॉफ्टवेअरला ब्लो होल (ओतताना हवेनं आत राहिलेलं भोक) कळतं का? ते मशीनिंग झाल्यावर दिसतं, म्हणजे कास्टिंगही गेलं आणि मशीनचा वेळही. सिमेंटची पोती घ्यावीत तशी कास्टिंग लिलावात घेणं मला पटत नाही. पॅटर्न (साच्याचा नमुना) एकाकडून दुसऱ्याकडे नेला की पहिले काही लॉट बिघडतातच, आणि ती किंमत त्या स्क्रीनवर कुठं दिसत नाही.

परचेस_माजी
ते मान्य. म्हणून तर रिजेक्शन वेगळ्या ओळीत दाखवायचं.

पंचगंगाकाठ
ऑगस्ट २०१९ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. आमचा माल भरून तयार, गाडी हलेना. पोर्टलवर डिलिव्हरी रेटिंग लाल झालं आणि ते सुधारायला सहा महिने गेले. पूर्वी एक फोन केला की साहेब समजून घ्यायचे. २०२१च्या पुरात आम्ही शहाणे झालो होतो. त्याच दिवशी पोर्टलवर कारण आणि फोटो चढवले, तारखा बदलून मिळाल्या.

शाहूपुरी_३री_गल्ली
त्या पुरात आमची तळमजल्याची दोन मशिनं गेली. विम्याचं तर काय सांगावं...

परचेस_माजी
विम्यासाठी वेगळा धागा काढा, इथं वेळ कमी आहे. ताई, कागद घ्या. कास्टिंग, मशीनिंग, पॅकिंग, चाकणचं भाडं, नेहमीचं रिजेक्शन. नगामागे ०.९ किलो बोरिंग (मशीनिंगचा चुरा) निघतं, ते विकून येणारे पैसे वजा करा. मग ९० दिवसांचं व्याज : ४०० रुपयांवर १२ टक्क्यांनी जवळपास १२ रुपये होतात. हे बहुतेक जण विसरतात आणि तिथंच मरतात. जो आकडा येईल तो तळ. त्यावर किती नफा हवा ते तुम्ही ठरवा, मी नाही सांगणार.

ताराराणी_चौक
९० दिवस कसले? लघुउद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६, कलम १५. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. उद्यम नोंदणी आहे ना?

उद्यमनगरची
नोंदणी आहे, मॅन्युफॅक्चरिंगमध्येच. पण भांडायला गेले तर काम जाईल.

ताराराणी_चौक
मग भांडू नका, ट्रेड्स या पोर्टलवर या. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची आहे. कंपनीनं बिल मंजूर केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे लवकर हातात येतात. व्याज आपल्याला सोसावं लागणार असेल तर तेवढं दरात धरा.

परचेस_माजी
आणखी एक. शेवटच्या मिनिटाला दर टाकायचा बेत असेल तर सोडा. शेवटी शेवटी बोली आली की बहुतेक पोर्टल आपोआप वेळ वाढवतं. सकाळी हेल्पडेस्कला फोन करून रँकचं विचारा आणि सरावाचं ऑक्शन मागा. वायफायशिवाय मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. अटीत "सर्वांत कमी दरालाच ऑर्डर देण्याचं बंधन नाही" असं वाक्य आहे का बघा. असेल तर एल-टू (दुसऱ्या नंबरवर) राहूनही तुमच्या १५ वर्षांच्या क्वालिटीवर बोलायला जागा राहते.

उद्यमनगरची
वाक्य आहे, पान ६ वर. हेल्पडेस्कला मेल टाकलाय. बाबांना शेजारी बसवून हिशोब केला. बोरिंग आम्ही कधी धरलंच नव्हतं आणि व्याजही नाही. तळ ४१८ आला. बाबा म्हणतात ४२५च्या खाली बोट लावायचं नाही. तक्ता खरा भरतेय, रिजेक्शन ३ टक्के वेगळ्या ओळीत. @वितळभट्टी, ब्लो होलचं वाक्य शेऱ्यात तसंच लिहिलं तर चालेल ना?

वितळभट्टी
लिहा. आणि मागच्या वर्षीचे रिजेक्शन रिपोर्ट सोबत जोडा.