मदत हवी आहे: रिक्रुटरशी ओळख वाढवायची तरी कशी?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या मॅन्युअल टेस्टिंगमध्ये ५ वर्षं आहे, आता सेलेनियम (टेस्टिंग ऑटोमेट करायचं टूल) शिकलोय आणि दोन महिने झाले ऑटोमेशनमध्ये जॉब शोधतोय. नोकरी डॉट कॉमवर रोज सकाळी प्रोफाइल अपडेट करतो, कॉल येतात, पण पहिलाच प्रश्न "नोटिस पिरियड किती?" आणि ९० दिवस म्हटलं की "कळवतो सर" करून फोन कट.

म्हणून लिंक्डइनवर ४० एक रिक्रुटर्सना मेसेज टाकले, सगळ्यांना तोच कॉपी-पेस्ट "चेंज शोधतोय, रेझ्युमे जोडलाय" (हो, माझीच चूक). तिघांचं उत्तर आलं, त्यातल्या एकाने रजिस्ट्रेशन फी मागितली, त्याला लगेच ब्लॉक केलं.

एक मॅडम मात्र नीट बोलल्या, वीस मिनिटं, पण नंतर ती पोझिशनच होल्डवर गेली. आता त्यांना परत पिंग करू का, की चिकटपणा वाटेल? आणि दोन कन्सल्टन्सींनी माझा रेझ्युमे एकाच कंपनीत पाठवला तर डुप्लिकेट म्हणून दोन्हीकडून बाद होतो म्हणे, खरंय का? कोणी एचआरमधलं असेल तर प्लीज सांगा, पहिल्या मेसेजमध्ये काय लिहिलं तर तुम्ही तो उघडता? नोटिसचं आधीच सांगून टाकू का?